उभा कागद, आडवा कागद

जगदीशला गिरणीच्या हापिसात नोकरी लागली ती आईच्या शब्दावर. डिलाईल रोडच्या त्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सुभद्रा ते कोणाला विसरू देत नव्हती.

तिचा नवरा साळखात्यात होता. साळखातं म्हणजे मागांचं खातं, कापड विणायचं. तिथली माणसं गिरणीत स्वतःला जरा वरची समजत. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा जगदीश शाळेत होता. नवऱ्याच्या शेजारच्या मागावरचा दौलत तेव्हा मुकादमाच्या मागे लागला, कोणाकोणाच्या हातापाया पडला आणि त्यानं सुभद्रेला वायंडिंग खात्यात चिकटवून दिलं. ते खातं सगळं बायकांचं. बाबिनीवरचं सूत कोनावर, म्हणजे निमुळत्या पुठ्ठ्याच्या नळीवर, गुंडाळत राहायचं, तुटलं की बोटांनी गाठ मारायची आणि पुन्हा सोडायचं. त्या गाठींवर सुभद्रेनं पोराला वाढवलं, मॅट्रिक केलं आणि संध्याकाळी गिरगावात ड्रॉइंगच्या वर्गाला धाडलं.

गिरणीनं माडीवर एक नवीन खोली उघडली होती. दारावर इंग्रजी पाटी होती, पण कामगार तिला मोजणी खातं म्हणत. कुठल्या यंत्रावर किती माल निघतो, किती वेळ वाया जातो, ते घड्याळ लावून टिपायचं आणि त्याचे आलेख काढून वर पाठवायचे, हे तिथलं काम. खात्याचे साहेब हेमचंद्र राजाध्यक्ष. दादरला राहणारे, विलायतेत शिकून आलेले, आवाज कधी न चढवणारे. एके दिवशी पाळी सुटल्यावर सुभद्रा जिन्याखाली उभी राहिली आणि साहेब उतरले तशी पदर सावरून म्हणाली, "साहेबानू, माझो झील नकाशे काढता. तुमका माणूस होयो असा ऐकलंय."

राजाध्यक्षांचं मूळ घर वेंगुर्ल्याकडचं. ती बोली कानावर पडली आणि ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जगदीशला बोलावलं, त्याच्याकडून एक वर्तुळ आणि दहा-बारा रेघा काढून घेतल्या आणि ठेवून घेतलं. कायम नाही, बदली म्हणून.

जगदीशचा हात खरोखरच चांगला होता. रुलिंग पेनमध्ये शाई किती भरायची, रेघ कुठे सोडायची, हे त्याला शिकवावं लागलं नाही. काम संपलं की तो कागद हातभर लांब धरून बघायचा आणि त्याचं त्यालाच बरं वाटायचं.

जानेवारीत मुंबई पेटली. शहर महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं आणि लालबाग-परळचे रस्ते माणसांनी भरले. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. सुभद्रा आणि तिच्या खात्यातली मालन पहिल्या दिवसापासून बायकांच्या मोर्च्यात होत्या. मालन सुभद्रेपेक्षा दहा वर्षांनी लहान, चिंचपोकळीच्या पुलापलीकडे राहायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे घरात मिळवती ती एकटी. तरी घोषणा द्यायला तिचा आवाज सगळ्यात पुढे. त्या दिवसांत गिरणीच्या पाळ्या भरत नव्हत्या. ज्या बायका यायच्या त्या जीव मुठीत धरून यायच्या आणि भोंगा व्हायच्या आत घरी पळायच्या. साहेबसुद्धा कोटाला काळी फीत लावून येत होते. तेव्हा जगदीशला वाटलं होतं, आता वर-खाली असं काही उरलं नाही. सगळे एका बाजूला आहेत.

मार्च उजाडला. राजाध्यक्षांनी आकड्यांचे कागद जगदीशच्या टेबलावर ठेवले.

"संचालकांपुढे जायचेत. साळखातं आणि वायंडिंग. यंत्रातून जितकं काम निघायला हवं त्यातलं शेकडा किती निघालं, एवढंच दाखवायचं."

जगदीशनं दोन दिवस बसून एकच कागद केला. उभ्या अक्षावर शून्यापासून शंभर, आडव्या अक्षावर मागची पाच वर्षं. दोन्ही खात्यांच्या रेघा एकाच मापात, साळखात्याची काळी आणि वायंडिंगची लाल. लाल रेघ वरच्या अंगानं जवळजवळ सरळ गेली होती, शेवटी जानेवारीत तेवढा एक बारीक खळगा. काळी रेघ पाच वर्षांत हळूहळू उतरत आली होती. माग जुने झाले होते, ते गिरणीत सगळ्यांनाच माहीत होतं.

राजाध्यक्षांनी कागद बराच वेळ पाहिला. "सुरेख काढलायस," ते म्हणाले. "पण यात दिसत काहीच नाही."

"का साहेब?"

"हे बघ, सत्तरच्या खाली दोन्ही रेघा कधी गेल्याच नाहीत. मग खालचा एवढा कागद कोरा कशाला ठेवायचा? वायंडिंगचा वेगळा कागद कर. उभा. माप ऐंशीपासून सुरू कर आणि नव्वदला संपव. म्हणजे बारीक फरकसुद्धा डोळ्यांत भरेल. आणि पाच वर्षं नकोत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्या-आठवड्यानं."

"मार्चचे दोन आठवडे आलेत साहेब. त्यात रेघ परत वर येतेय."

"ते आकडे अजून पक्के नाहीत."

जगदीशनं मान हलवली. साहेबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वर्गातही मास्तर सांगत, कागदाची जागा वाया घालवू नका. त्यानं विचारलं, "आणि साळखातं? तेही सत्तरपासून घेऊ?"

राजाध्यक्ष खिडकीशी गेले. "नको. ते शून्यापासून असू दे. पाच वर्षं असू देत. कागद मात्र आडवा घे, चांगला लांब."

लांब कागदावर पाच वर्षं पसरली की उतार मावळणार, हे जगदीशला तिथल्या तिथे दिसलं. एका खात्याचा कागद उभा आणि वरवरचा तुकडा कापून घेतलेला, दुसऱ्याचा आडवा आणि तळापासून. दोन्ही शेजारी ठेवले तर बघणाऱ्याला वाटणार, वायंडिंग कोसळलंय आणि साळखातं टिकून आहे.

"साहेब, शेजारी शेजारी लावायचे तर माप एकच पाहिजे," तो हळूच म्हणाला.

"शेजारी लावायचे असं कोण म्हणालं? दोन वेगळी खाती, दोन वेगळे कागद." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुझी आई वायंडिंगमध्ये आहे, मला माहीत आहे. तू चिंता करू नकोस. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, हे या खोलीत ठरत नाही. आपण फक्त दाखवतो. आणि तुझ्या कायम होण्याचा कागद मी वर धाडलाय."

ही दोन वाक्यं त्यांनी एकापाठोपाठ एक उच्चारली, आणि त्यांच्या आवाजात धमकी नव्हती की लालूच नव्हती. जगदीशला नंतर अनेकदा वाटलं, असती तर बरं झालं असतं. माणसाला चिडायला तरी जागा मिळते.

त्यानं दोन्ही कागद काढले. उभ्या कागदावर लाल रेघ जिन्यावरून गडगडल्यासारखी खाली आली. काम संपल्यावर सवयीनं त्यानं कागद लांब धरून पाहिला आणि त्याला तो चांगला वाटला.

पावसाळा सरत आला तेव्हा तो कागद त्याच्या घरी आला. गिरणीत मालक आणि कामगार यांची एक संयुक्त समिती होती आणि दौलत तिच्यात कामगारांतर्फे बसायचा. आता तो नुसता विणकर राहिला नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या कामात तो पुढे होता. पांढरी टोपी, खिशात पावतीपुस्तक, चाळीत कुणाचंही भांडण असो, दौलतमामाला बोलवा. त्या दिवशी तो गुंडाळी काखेत मारून आला, सुभद्रेनं दिलेला चहा घेतला आणि निळ्या छापाचे दोन कागद खोलीच्या फरशीवर पसरले.

"वहिनी, बातमी बरी नाय," तो म्हणाला. "वायंडिंग कमी करायचं म्हणतायत. नवीन यंत्रं आणणार, आपोआप गाठ मारणारी. एक बाई जितकं बघते त्याच्या चौपट बघणार. निम्म्याहून जास्त बायका घरी."

सुभद्रा गुडघ्यांवर बसून बघू लागली. तिला अक्षरओळख बेताची. पण रेघ खाली जाते म्हणजे काय, ते कुणी सांगायला नको होतं. तिनं उभ्या कागदावरच्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"ह्या आमचा?"

"तुमचं. आणि हे साळखातं."

ती बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग दारात उभ्या असलेल्या मुलाला म्हणाली, "ह्या तुया काढलंस?"

"हो."

"मगे खराच असतला."

दौलत कागद गुंडाळत होता. काही सांगायचं असेल तर ते आत्ता, असं जगदीशला वाटलं. पण आई उठून चहाचे पेले उचलायला लागली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम होती.

त्या शरमेनं पुढचे दोन महिने त्याला जगू दिलं नाही. सुभद्रेनं खात्यात जाऊन बायकांना सांगितलं, की आपल्या हातून काम कमी झालंय, कागदावर आलंय, माझ्याच झिलानं काढलंय. तो खोटं काढणार नाही. जानेवारीत आपण मोर्चे केले, ते केले ते बरंच केलं, पण आता भरून काढायला हवं. मग ती भोंग्याच्या आधी जाऊन यंत्र पुसून ठेवायला लागली. जेवणाच्या सुट्टीत अर्धी भाकरी खाऊन उठायची. मालन आणि बाकीच्या बायका आधी कुरकुरल्या, मग त्याही तसंच करायला लागल्या. रात्री जेवायला बसली की सुभद्रेच्या बोटांना घास धरवत नसे. ती डाव्या हातानं उजवी बोटं चोळत विचारायची, "आता रेघ वर गेली मा रे?"

"गेली थोडी."

"मगे साहेबाक सांग. नवो कागद काढ म्हणा."

त्यानं एकदा राजाध्यक्षांना खरंच विचारलं. मार्चपासूनचे आकडे आता पक्के होते आणि वायंडिंगची रेघ होती त्याहून वर गेली होती. साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

"जगदीश, यंत्रं बोटीत चढलीसुद्धा. ऑर्डर मागच्या दिवाळीतच गेली होती."

"मग आलेख कशाला काढले साहेब?"

"कोर्टात, समितीत, काहीतरी पुढे ठेवावं लागतं. नुसतं 'आम्हांला वाटलं' म्हणून चालत नाही."

त्या संध्याकाळी जगदीशनं घरी चौकटीचा कागद आणला. आई नळावर गेली होती. ती परत येईपर्यंत त्यानं पेन्सिलीनं पहिला आलेख पुन्हा काढला. एकच कागद, एकच माप, दोन्ही रेघा, आणि मार्चनंतरचे आकडेही. तो घेऊन तो दौलतकडे गेला.

दौलत नाक्यावरच्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत होता. कचेरी म्हणजे एका बंद दुकानाची पुढची फळी, दोन बाकं आणि झेंडे. मोर्च्याची तयारी चालली होती. जगदीशनं त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. माप कुठून सुरू केलं, कुठे तोडलं, कुठला कागद उभा आणि कुठला आडवा, आणि का.

दौलत निरक्षर नव्हता आणि मठ्ठ तर मुळीच नव्हता. त्यानं कागद उजेडाला धरला आणि अर्ध्या मिनिटात त्याला सगळं कळलं.

"म्हणजे एका मापात धरलं तर घसरलंय ते आमचं खातं."

"घसरलंय म्हणजे माग जुने झालेत मामा. माणसांचा दोष नाही."

"ते तू सांगशील. मालक काय सांगेल?" दौलतनं कागदाची घडी घातली, मग आणखी एक घातली. "हे कुणाला दाखवलंस?"

"कोणाला नाही."

"मग नको दाखवूस."

जगदीशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"असा बघू नकोस," दौलत म्हणाला. "साळखात्यात हजारावर माणूस आहे. वायंडिंगमध्ये बायका किती? हा कागद बाहेर आला की मालक म्हणणार, बरं झालं दाखवलंत, आता मागांवरचेच कमी करतो. दोनाचे चार माग प्रत्येकाच्या गळ्यात घालायला तो टपलाच आहे. उद्या विणकर आणि बायका एकमेकांच्या उरावर बसतील. आणि आत्ता? मोर्चा तोंडावर असताना? ज्या मोर्च्यात सगळी गिरणी एक म्हणून चालायची, त्यात फूट पाडू?"

"आणि आई?"

"वहिनींना तू आहेस. तुझी नोकरी आहे. बायकांच्या घरात दुसरा मिळवता असतोच."

"मालनच्या घरात नाही."

एक पोरगा घोषणांच्या पाट्या घेऊन आला, त्या कुठे ठेवायच्या ते दौलतनं त्याला सांगितलं. मग जगदीशच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा बाप माझ्या शेजारच्या मागावर होता, जगदीश. मला काय कळत नाय असं नाय. पण काही गोष्टी गिळायच्या असतात."

घडी घातलेला कागद त्यानं परत दिला नाही.

जगदीश घरी आला आणि त्यानं तोच आलेख तिसऱ्यांदा काढला. या वेळी तो मालनला दिला. आईला द्यायचं त्याच्यानं झालं नाही. पुलाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं मालनला समजावलं.

"म्हणजे आमी कमी केलाच नाय?"

"नाही."

"मगे ह्ये दोन महिने तुझी आवस आमका ढोरासारखी राबवता ती कित्याक? तिका म्हायत नाय?"

"नाही."

"आणि तुका म्हायत होता."

मालननं कागद ब्लाउजमध्ये कोंबला आणि निघून गेली.

मालक-कामगार समितीची पुढची बैठक गिरणीच्या आवारात, कँटीनच्या लांब खोलीत झाली. एका बाजूला साहेब लोक, दुसऱ्या बाजूला दौलत आणि कामगारांची माणसं. वायंडिंगच्या बायकांना बोलावलेलं नव्हतं. तरी पाळी सुटल्यावर त्या आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सुभद्राही होती. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. मालनच्या मागून आली होती, इतकंच. भिंतीवर दोन्ही आलेख टाचले होते, शेजारी शेजारी.

मालन पुढे झाली आणि तिनं तिसरा कागद टेबलावर आपटला. "ह्यो बघा आधी."

खोलीत गलका झाला. राजाध्यक्षांनी कागद उचलला आणि हात कोणाचा ते त्यांनी क्षणात ओळखलं. त्यांनी जगदीशकडे पाहिलं. तो कोपऱ्यात गुंडाळ्या धरून उभा होता.

"हा तू काढलास?"

"हो साहेब."

"आणि भिंतीवरचे?"

"तेही मीच."

"बरं." राजाध्यक्ष शांतपणे म्हणाले. "मग एक सांग, सगळ्यांना ऐकू येईल असं. भिंतीवरच्या या दोन कागदांत एक तरी आकडा खोटा आहे?"

"आकडा खोटा नाही साहेब, पण माप..."

"माप कडेला लिहिलेलं आहे की नाही?"

"आहे."

"कोणापासून लपवलंय?"

"लपवलं नाही. पण बघणाऱ्याला..."

"मी बघणाऱ्याचं विचारत नाही. कागद खोटा आहे का?"

जगदीशनं दौलतकडे पाहिलं. दौलत टेबलाच्या लाकडाकडे बघत होता. आता काय म्हणायला हवं ते जगदीशला पुढे आयुष्यभर सुचत राहिलं. आंघोळीच्या वेळी, चालताना, झोप लागता लागता, दरवेळी वेगळं आणि दरवेळी चांगलं. त्या घटकेला मात्र त्याला फक्त खरं उत्तर सुचलं, आणि कायम होण्याचा कागद वर कुठेतरी सहीसाठी पडलाय, हेही आठवलं.

"नाही," तो म्हणाला.

"झालं तर मग," राजाध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मालनचा कागद तिच्या हातात परत दिला, अगदी अदबीनं. "बाई, हाही खरा आहे. तुमच्याकडे ठेवा."

दौलतनं घसा खाकरला आणि बायकांना भरपाई नीट मिळावी अशी मागणी मांडली. ती मान्य झाली. बैठक संपली.

बाहेर पडताना सुभद्रेनं मुलाला गाठलं. बायका बाजूनं जात होत्या आणि तिच्याकडे न बघता जात होत्या. तिला आत्ता कुठे सगळं उमगलं होतं.

"खयचो कागद खरो, जगदीश?"

"दोन्ही खरे आहेत आई."

"माका ता नको सांगू. तुका म्हायत होता आमचा काम कमी झाला नाय?"

"हो."

"मी तुका इचारलंय रोज. रेघ वर गेली काय म्हणान. रोज इचारलंय."

त्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं आपला मागे घेतला. फार जोरात नाही, तापलेल्या तव्याजवळून घ्यावा तसा.

दिवाळीनंतर यंत्रं बसली आणि बायका गेल्या. सुभद्रेचं नाव पहिल्या खेपेत होतं. तिला त्याचं फारसं वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. खात्यातल्या बायका म्हणत होत्या की सुभद्रेला सगळं आधीपासून माहीत होतं. मुलगा हापिसात, त्याची नोकरी पक्की व्हावी म्हणून तिनं आमची तोंडं बंद ठेवली आणि वर आमच्याकडून फुकट ढोरमेहनत करून घेतली. सुभद्रा दोघीतिघींच्या दारात जाऊन आली. एकीनं पाट दिला, पण बोलली नाही. मालननं दार अर्धंच उघडलं. ती माहीमला कुणाकडे धुणंभांडी करायला लागली होती आणि त्या दिवशी उशीर झाला होता.

"बस म्हणूक माका टायम नाय," ती म्हणाली. मग आतून नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज आला आणि तिनं दार लोटलं.

जगदीश कायम झाला. त्याला खिडकीजवळचं टेबल मिळालं. त्यानं राजीनामा द्यायचं मनात आणलं होतं, एकदा लिहिलाही होता. आईनं तो विझलेल्या चुलीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर विस्तव पेटवला. "आता सोडून काय करतलंस?" ती म्हणाली. "घरात दोगांनी बसाचा काय?" तिच्या आवाजात माया असावी असं त्याला फार वाटलं. पण तो सरळ हिशोबी आवाज होता.

निवडणुका आल्या. गिरणगावातून संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार भरघोस मतांनी निवडून आले. चाळीत गुलाल उधळला गेला. दौलतला माणसांनी खांद्यावर घेतलं. तो सुभद्रेच्या पाया पडायला आला. तिनं त्याच्या हातावर साखर ठेवली. "तुझा भला होवो," म्हणाली, आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. पेढे राजाध्यक्षांनीही वाटले. जगदीशच्या टेबलावर पेढा ठेवताना ते म्हणाले, "आता मुंबई आपली व्हायला वेळ लागणार नाही." ते मनापासून बोलत होते. जगदीशनं पेढा खाल्ला.

शिमग्याच्या आधी सुभद्रेनं गावी जायचं ठरवलं. वेंगुर्ल्याला दिराचं घर होतं. तिथे काजूच्या कारखान्यात बायांना काम मिळतं, असं कोणी सांगितलं होतं. जगदीशनं अडवून पाहिलं. मग नुसतं म्हणाला, "मे महिन्यात मी येतो. सुट्टी काढतो."

"ये की," ती म्हणाली.

भाऊच्या धक्क्यावर तो पोचवायला गेला. अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. बोटीवर चढायची गर्दी होती, टोपल्या, ट्रंका, कोंबड्या, रडणारी मुलं. सुभद्रेचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक गाठोडं. पेटी त्यानं उचलली. बोटीवर चढायच्या फळकुटापर्यंत आल्यावर तिनं ती त्याच्याकडून घेतली.

"वळकटी घेतली असतीस बरोबर," तो म्हणाला. "रात्रभर वारा लागेल."

"थय असतली." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, शर्टाची कॉलर, दाढी, डोळे, सगळं एकदा नजरेखालून घातलं. "आता लगीन कर. पोरगी शिकलेली बघ."

"का?"

"तू काय काढतंस ता तिका कळात."

ती चढली. बायकांची जागा खालच्या डेकवर होती, तिकडे गेली. बोट सुटायला वेळ होता. वरच्या कठड्याशी माणसं दाटीनं उभी राहिली, हात हलवायला लागली, कोणी रुमाल, कोणी टोपी. जगदीश खांबाला टेकून प्रत्येक चेहरा बघत राहिला. भोंगा झाला, दोर सुटले, बोट वळली आणि पाण्याची पट्टी रुंद होत गेली. सुभद्रा वर आली नाही.

रजा दुपारपर्यंतचीच होती, म्हणून तो डिलाईल रोडची बस धरून कामावर गेला.